घाटंजी ते पुणे : तिकीट कितीचे, प्रवास कितीचा?

घाटंजी तालुक्यातल्या बऱ्याच घरांतले कुणी ना कुणी आता पुण्यात असते. कुणाचा मुलगा चाकणच्या कारखान्यात, कुणाची मुलगी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, कुणाची सून हिंजवडीत. त्यामुळे दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्या आणि प्रवेशाच्या दिवसांत घराघरांत एकच प्रश्न असतो : पुण्याला जायचे कसे? गावात त्याचे उत्तर ठरलेले आहे. यवतमाळला जा आणि ट्रॅव्हल्स पकडा. बऱ्याच जणांना हे सोयीचे पडते, पण एकाच घरातल्या आजी, आई आणि मुलगा या तिघांसाठी सगळ्यांत स्वस्त गाडी वेगवेगळी असू शकते. सवलती माणसागणिक बदलतात, आणि घाटंजीपासून मोठ्या गाडीपर्यंत पोचण्याचा खर्च तिकिटावर कुठेच छापलेला नसतो.

म्हणून इथे सगळा हिशोब घरच्या दारापासून पुण्यातल्या दारापर्यंत मांडला आहे. एसटीचे आकडे टप्प्यांच्या दरावरून काढलेले असल्याने प्रत्यक्ष तिकिटात थोडाफार फरक पडेल. रेल्वे, विमान आणि ट्रॅव्हल्सचे आकडे अंदाजाचे आहेत. तारीख आणि गर्दीप्रमाणे ते बदलतात.

आधी घाटंजीबाहेर पडा

घाटंजीत बसस्थानक आहे, आगार नाही. रेल्वे तर नाहीच. जिल्ह्याची जुनी नॅरोगेज गाडी ‘शकुंतला’ यवतमाळहून मूर्तिजापूरला ११३ किलोमीटर धावायची, तीही आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. हा मार्ग पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो. घाटंजी त्यावर येत नाही. म्हणजे पुढची काही वर्षे तरी पहिला टप्पा रस्त्यानेच काढावा लागणार.

एसटीचे साधे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे आहे. किलोमीटर भागिले सहा, उरलेला तुकडा पूर्ण टप्पा धरायचा आणि दहाने गुणायचे, की भाड्याचा अंदाज येतो. त्या हिशोबाने घाटंजीहून एका पूर्ण तिकिटाला येणारा खर्च असा :

– यवतमाळ, सुमारे ४५ किलोमीटर : ८० रुपये
– धामणगाव रेल्वे, यवतमाळमार्गे : १६० रुपये
– वर्धा, यवतमाळमार्गे : २०० रुपये
– नागपूर, यवतमाळमार्गे किंवा पांढरकवड्याहून हिंगणघाटमार्गे : ३३० रुपयांच्या आसपास

काळीपिवळीचे भाडे एसटीच्या आगेमागेच असते. ती भरेपर्यंत निघत नाही, हे मात्र गाडी गाठायची असताना लक्षात ठेवावे. पुढचे आरक्षण हातात असेल तर यवतमाळला किमान तासभर आधी पोचणारी बस धरा.

जाताना सोपा वाटणारा हा टप्पा परतीच्या वेळी महाग पडतो. रात्री उशिरा यवतमाळला उतरलात आणि घाटंजीची शेवटची बस निघून गेली असेल, तर गाडी करून यावे लागते. गाडीवाला रिकाम्या परतीचेही पैसे धरतो. किलोमीटरला १४ रुपये धरले, तर नव्वद किलोमीटरचे साडेबाराशे रुपये झाले. पुण्याहून चारशे-पाचशे रुपयांच्या तिकिटावर यायचे आणि शेवटच्या ४५ किलोमीटरला साडेबाराशे मोजायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परतीचे तिकीट काढताना भाड्याआधी गाडी यवतमाळला किती वाजता पोचते ते पाहा.

एसटी : बायकांना आणि ज्येष्ठांना सर्वांत स्वस्त

यवतमाळ ते पुणे अंतर मार्गाप्रमाणे सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे साधारण शंभर टप्पे. शंभर हा आकडा हिशोबालाही सोयीचा. साध्या गाडीचे भाडे हजार रुपये होते. वातानुकूलित शिवशाहीचा दर टप्प्याला १४ रुपये २० पैसे आहे, म्हणून तिचे १,४२० रुपये होतात. घाटंजी-यवतमाळचे ८० त्यात मिळवा.

मग सवलती वजा करा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत अर्धे तिकीट आहे, शिवशाहीतसुद्धा. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, त्याखालच्यांना काहीच नाही.

याचा अर्थ असा की घाटंजीतली बाई साध्या गाडीने साडेपाचशेच्या आत आणि शिवशाहीने साडेसातशेत पुण्याला पोचते. पुरुषाला त्याच प्रवासाला अनुक्रमे १,०८० आणि १,५०० रुपये लागतात. ७६ वर्षांच्या आजोबांना नातवाकडे जायला तिकिटाचा खर्च नाही. आरक्षण केले तर तेवढा आकार भरावा लागतो. आधार कार्ड मात्र जवळ हवे. वयाचा पुरावा वाहक मागतोच, आणि तो नसेल तर पूर्ण तिकीट फाडावे लागते.

पूर्ण भाडे भरणाऱ्या पुरुषांसाठीही एक सवलत आहे. १५० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण केल्यास भाड्यात १५ टक्के सूट देण्याची योजना महामंडळाने १ जुलै २०२५ पासून आणली. दिवाळी आणि उन्हाळी सुट्यांच्या गर्दीत ती लागू नसते. शिवशाहीच्या १,४२० रुपयांवर ही सूट दोनशे दहा रुपयांच्या वर जाते, म्हणून आरक्षण करताना ती धरली आहे का ते बघा. आरक्षण महामंडळाच्या ॲपवर किंवा यवतमाळच्या खिडकीवर होते.

एसटीचा तोटा एकच, पण मोठा. साधी गाडी असो वा शिवशाही, रात्रभर बसून जावे लागते. थांबे धरून चौदा-पंधरा तास जातात. गुडघेदुखी असलेल्या आजींना मोफत तिकीट आहे म्हणून साध्या गाडीत बसवणे ही काटकसर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वसूल होते. अशा वेळी शयनयान गाडी किंवा रेल्वे बघावी.

ट्रॅव्हल्स : सोय चांगली, भाव चंचल

यवतमाळहून संध्याकाळी निघणारी स्लीपर सकाळी पुण्यात सोडते. झोपून जायचे, घाटंजीहून दुपारची बस पुरते, आणि परतताना सकाळी यवतमाळला उतरल्यावर घाटंजीच्या बस दिवसभर मिळतात. वेळेच्या या गणितामुळेच ट्रॅव्हल्स लोकप्रिय आहे. एरवी भाडे नऊशे ते पंधराशेच्या दरम्यान असते. दिवाळीच्या आठवड्यात तेच दुप्पट होते, कधी त्याहून जास्त.

या वाढीला कायद्याने मर्यादा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसला त्याच दर्जाच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. एसटीच्या वातानुकूलित शयनयानाचा दर टप्प्याला १५ रुपये ३५ पैसे आहे. शंभर टप्प्यांचे १,५३५ रुपये, त्याची दीडपट सुमारे २,३००. यवतमाळ-पुणे वातानुकूलित स्लीपरला याहून जास्त रक्कम मागितली, तर परिवहन कार्यालयात तक्रार करता येते. त्यासाठी तिकिटाचा पुरावा लागतो. म्हणून पैसे रोख देऊन नुसता आसन क्रमांक तोंडी घेऊ नका. बसचा नोंदणी क्रमांक आणि भरलेली रक्कम तिकिटावर किंवा मोबाइलच्या संदेशात असू द्या.

आरक्षण करताना चार गोष्टी विचारा. बस यवतमाळला कुठे थांबते? तिकीट रद्द केले तर किती परत मिळतात? बस बंद पडली तर दुसरी कोण देणार? डिक्कीतल्या सामानाचे वेगळे पैसे आहेत का? तुरीच्या डाळीचे पोते आणि फराळाचे डबे नेणाऱ्यांनी चौथा प्रश्न विसरू नये. सामानाचा दर बसजवळ उभे राहून ठरवायला गेलात, तर तो हमाल किंवा चालक सांगेल तोच द्यावा लागतो.

पैशांपलीकडचीही एक बाब बघायला हवी. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेल्या खासगी स्लीपर बसला नाशिकमध्ये ट्रकशी टक्कर होऊन आग लागली आणि १२ प्रवासी गेले. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ जण दगावले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने बाहेर निघायला वाट उरली नव्हती. म्हणून चढल्याबरोबर आपत्कालीन खिडकी कुठे आहे आणि काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का ते पाहून ठेवा. मधल्या वाटेत सामान रचलेले असेल तर ते हलवायला सांगा. बरोबर म्हातारे माणूस असेल तर खालचा बर्थ घ्या.

रेल्वे : पुरुषाच्या खिशाला हलकी

पुण्याच्या रेल्वेसाठी घाटंजीकरांना दोन स्थानके सोयीची : धामणगाव आणि वर्धा. धामणगाव जवळ आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस तिथे थांबते आणि थेट पुण्याला नेते. वर्ध्याला पर्याय अधिक आहेत; हावडा-पुणे आझाद हिंद एक्स्प्रेससारख्या गाड्या तिथून मिळतात.

वर्धा ते पुणे लोहमार्गाने आठशे किलोमीटरच्या घरात पडते, कारण गाडी भुसावळ, मनमाड, दौंड असा वळसा घेते. तरी स्लीपरचे तिकीट साडेचारशे ते पाचशे आणि थ्री एसीचे बाराशे-तेराशेच्या आसपास बसते. घाटंजी-वर्ध्याचे २०० रुपये मिळवून पुरुषाचा झोपून केलेला प्रवास सातशेत होतो. साध्या एसटीपेक्षाही हे सुमारे पावणेचारशेने कमी. बाईला वर्ध्यापर्यंत एसटीचे शंभरच लागतात, म्हणजे सहाशे. एसटीच्या साडेपाचशेपेक्षा पन्नास-साठ रुपये जास्त देऊन रात्रभर आडवे होता येत असेल, तर हा सौदा वाईट नाही. ज्येष्ठांची जुनी सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. सत्तरीतल्या माणसालाही रेल्वेत पूर्ण भाडे पडते.

अडचण आहे ती जागा मिळण्याची. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. दिवाळीच्या तारखा दिनदर्शिकेत वर्षभर आधी दिसतात, तेव्हा साठ दिवस मागे मोजून त्या दिवशी सकाळी आठला तिकीट काढायला बसा. ऑनलाइन खाते आधारशी आधीच जोडून पडताळून ठेवा. आरक्षण उघडते त्या पहिल्या वेळेत आणि तत्काळसाठीही त्याची गरज पडते. तत्काळ आदल्या दिवशी उघडते : वातानुकूलित डब्यांचे सकाळी दहाला, स्लीपरचे अकराला. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, त्यामुळे ‘टीसीला सांगून बघू’ या भरवशावर वर्ध्यापर्यंत जाऊ नका.

दिवसा बसून जायची तयारी असेल तर १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत आहे. ती वर्ध्याला थांबते. सकाळी दहाच्या सुमारास अजनीहून निघून रात्री दहाच्या सुमारास पुण्यात पोचते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेव्हा वार तपासा. चेअरकारचे भाडे दोन हजारांच्या घरात आहे. घाटंजीकरांसाठी तिची खरी गोची वेळेची : जाताना पहाटेच निघावे लागते, आणि परतताना संध्याकाळी वर्ध्याला उतरल्यावर घाटंजीची शेवटची बस मिळेल याची खात्री नसते. यवतमाळला नातेवाइकांकडे मुक्काम करता येत असेल तरच ही गाडी सोयीची.

सामान जास्त असेल तर रेल्वेच बरी. स्लीपरमध्ये माणशी ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येते.

विमान : घाई असेल तेव्हाच

यवतमाळजवळ धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये सेवा सुरू झाली ती मुंबईची. पुण्यासाठी नागपूरच गाठावे लागते. विमान सव्वा-दीड तासात पुण्यात उतरवते, पण घाटंजी-नागपूरचे चार-साडेचार तास, विमानतळावर दोन तास आधी पोचणे आणि लोहगावच्या विमानतळावरून घरी जाणे धरले तर दिवसाचे नऊ-दहा तास जातातच. तिकीट महिनाभर आधी काढले तर साधारण चार-पाच हजारांत मिळू शकते, ऐनवेळी त्याच्या दुप्पट. रात्रीची बस धरणाऱ्याचा दिवस वाचतो, विमानवाल्याचा मोडतो. मुलाखत, आजारपण किंवा अंत्यविधी अशा निकडीतच हा खर्च पटण्यासारखा आहे.

स्वतःची गाडी : माणसे मोजा, मग चावी घ्या

घाटंजी ते पुणे साडेसहाशे किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटरची सरासरी आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर इंधनाचे सुमारे ४,३०० रुपये होतात. कारंजाजवळ समृद्धीवर चढून छत्रपती संभाजीनगरला उतरलात, तर कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे पथकर आहे. तीनशे किलोमीटर धरले तरी सहाशेच्या वर जातात. पुढे अहिल्यानगर-पुणे रस्त्याचे नाके वेगळे. एकूण सव्वापाच हजार. चौघांत वाटले तर माणशी तेराशे.

हेच चौघे, समजा दोन पुरुष आणि दोन बाया, साध्या एसटीने गेले तर सगळे मिळून ३,२५० रुपयांत पोचतात. कारमुळे दोन हजार जास्त गेले, पण घराच्या दारातून निघता आले आणि पुण्यात फिरायला गाडी राहिली. दोघेच जाणार असाल तर मात्र कार परवडत नाही.

वार्षिक फास्टॅग पास घेतलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे : तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर चालतो. समृद्धी राज्याच्या महामंडळाचा असल्याने तिथे नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

भाड्याची गाडी करायची असेल तर किलोमीटरचा दर दोन्ही बाजूंचा लागतो. तेराशे किलोमीटरला १४ रुपयांनी १८,२०० रुपये, शिवाय पथकर, चालकाचा भत्ता आणि मुक्काम. या चारही गोष्टी निघण्याआधी कागदावर घ्या. सात जणांची गाडी भरली तरी हा पर्याय माणशी पावणेतीन हजारांच्या आसपास राहतो.

पुण्यात उतरल्यावर

शिवाजीनगरचे एसटी स्थानक डिसेंबर २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले. विदर्भाकडच्या गाड्या तिथे जातात. ट्रॅव्हल्स वाघोली, खराडी, येरवडा करत संगमवाडीला संपते. कुठे उतरायचे ते बसमध्ये चढण्याआधी पुण्यातल्या माणसाला विचारून ठरवा.

पुण्यात रिक्षाचे मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये आहे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच त्यावर पाव पट जास्त. वाघोली ते स्वारगेट अठरा किलोमीटर धरले तर दिवसा तीनशे रुपये होतात. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. पीएमपीच्या बसने रामवाडीला येऊन मेट्रो धरली आणि सिव्हिल कोर्टला बदलली, की पन्नास-साठ रुपयांत स्वारगेट गाठता येते. पहाटे पाचला उतरलात तर तासभर थांबण्याने अडीचशे रुपये वाचतात.

चौकट : कोणासाठी काय?

– एकटी बाई किंवा मुलगी, खर्च कमीत कमी : एसटी, साडेपाचशेच्या आत.
– एकटा पुरुष, खर्च कमीत कमी : वर्ध्याहून रेल्वे स्लीपर, सातशे.
– ७५ वर्षांवरील, तब्येत ठीक : एसटी मोफत, बसवत नसेल तर रेल्वेचा खालचा बर्थ.
– रात्रीत जाऊन कामाला हजर व्हायचे : ट्रॅव्हल्स, एरवी हजार ते सोळाशे.
– चार-पाच जणांचे कुटुंब, पुण्यात फिरणे आहे : स्वतःची कार.
– मोठे सामान : रेल्वे.
– निकड : नागपूरहून विमान.

तक्रार कुठे?

रेल्वेसाठी १३९, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, कुठल्याही संकटात ११२. ट्रॅव्हल्सने पैसे परत दिले नाहीत किंवा कबूल केलेली बस दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. जादा भाड्याची तक्रार यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी द्या : तिकिटाची प्रत, बसचा क्रमांक, तारीख आणि त्या दर्जाच्या एसटीचे भाडे, एवढे चार तपशील पुरतात. दिवाळीचे तिकीट काढण्याआधी एसटीच्या भाड्याची दीडपट काढून ठेवली, तर ट्रॅव्हल्सच्या कार्यालयातच हा आकडा पुढे करता येईल आणि बऱ्याचदा तक्रारीची वेळच येणार नाही.